फसण्याची सोय

मराठीत नाटकाच्या प्रत्येक खेळाला आपण 'प्रयोग' म्हणतो. शंभरावा प्रयोग, रौप्यमहोत्सवी प्रयोग, 'काही अपरिहार्य कारणामुळे आजचा प्रयोग रद्द'. हा शब्द तोंडात इतका बसला आहे, की त्याच शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. प्रयोग म्हणजे करून पाहणे. आणि करून पाहायचे म्हटले, की ते फसू शकते, हे आधीच धरून चालावे लागते. मोठ्या नाट्यगृहातल्या शंभराव्या प्रयोगाला ही मुभा नसते. शेकडो खुर्च्या, भाडे, रंगमंच कामगार, वर्तमानपत्रातली जाहिरात, दौऱ्याची बस आणि कलावंतांची नाइट, एवढा सगळा बारदाना ज्या तिकिटांवर चालतो, ती तिकिटे काढणाऱ्याला काय आवडते हे निर्मात्याला आधी ठाऊक असावेच लागते. त्यात गैर काही नाही. संसार चालवायचा तर महिन्याचा हिशेब जुळवावाच लागतो.

पण ज्या नाटकाचे काय होणार हे लेखकालाही ठाऊक नाही, दिग्दर्शकालाही नाही, ते करून पाहायचे कुठे? गेली पन्नास वर्षे मराठी रंगभूमीवर या प्रश्नाचे जे सर्वांत चांगले उत्तर मिळाले, ते मुंबईत दादर स्टेशनच्या पश्चिमेला, दोन पावलांवर होते.

छबिलदासच्या गल्लीत आज कोणी शिरले, तर ते बहुधा बटाटावड्यासाठी. वडा घ्यायचा, पुढ्यातली गर्दी चुकवत फुलबाजाराकडे किंवा परत स्टेशनाकडे वळायचे. त्याच गल्लीत छबिलदास शाळा आहे. शाळेचा जिना चढून वर गेले, की एक साधे सभागृह. १९७४ ते १९९२ या अठरा वर्षांत तिथे जी नाटके झाली, त्यांना पुढे 'छबिलदास चळवळ' असे नाव मिळाले. चळवळ या शब्दाने मोर्चे, जाहीरनामे आणि पुढारी डोळ्यांपुढे येतात. इथे तसले काही नव्हते. होते ते एक सभागृह, आणि ते नाटकवाल्यांना परवडत होते. माझ्या मते सगळे रहस्य त्या 'परवडण्या'त आहे, आणि आज त्याविषयी बोलावेसे वाटते, कारण हल्ली लहान नाट्यगृहांचा विषय निघाला, की चर्चा वातानुकूलन, ध्वनियंत्रणा आणि गाड्या उभ्या करण्याची जागा यांवर थांबते. फसण्याची सोय आहे का, हे कोणी विचारीत नाही.

शाळेतले नाट्यगृह

या गोष्टीची सुरुवात थोडी मागे आहे. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदी मंडळींनी 'रंगायन' ही संस्था काढली. सभासदांकडून वर्गणी घ्यायची आणि त्यांना नवी नाटके दाखवायची, अशी ती रचना. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' आणि तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' ही 'रंगायन'च्या खात्यावरची मोठी नावे. १९६७ मध्ये राज्य नाट्यस्पर्धेत 'शांतता!' सादर झाले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

या व्यवस्थेत एक अडचण होती. स्पर्धेसाठी नाटक बसवायचे तर तीन-चार महिने तालमी करायच्या, आणि प्रयोग व्हायचा एक. बक्षीस मिळाले तर आणखी एक-दोन. सभासदांपुढचे मोजके प्रयोग झाले, की तेही संपले. नाटक म्हणजे काही छापलेले पुस्तक नव्हे. पहिल्या प्रयोगात नटाला पाठ केलेले शब्द आठवतात, दहाव्या प्रयोगात त्या शब्दांचा अर्थ लागतो, असे जुनी नटमंडळी सांगतात. दहावा प्रयोगच होणार नसेल, तर नाटक कच्चेच राहणार.

'रंगायन' फुटले आणि १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' उभी केली. पहिले नाटक होते गिरीश कर्नाडांचे 'तुघलक', मराठी रूप तेंडुलकरांचे. भव्य नाटक. पण असली नाटके वर्षाला किती करणार? खरी गरज होती ती दर आठवड्याला हक्काने प्रयोग करता येईल अशा जागेची. सुलभाताई शिक्षिका होत्या, आणि नोकरी छबिलदासमध्येच. शाळा सुटल्यावर रिकामे राहणारे सभागृह नाटकाला मिळावे, ही कल्पना अशी घरातूनच आली म्हणायची. १९७४ पासून ते मिळू लागले. विशेष म्हणजे 'आविष्कार'ने ती जागा आपल्यापुरती ठेवली नाही. सत्यदेव दुबे यांचे 'थिएटर युनिट', अमोल पालेकर यांचे 'अनिकेत' आणि कितीतरी लहानमोठ्या संस्था तिथे येऊन आपली नाटके करू लागल्या.

शिवाजी मंदिर तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. एकाच रविवारी, एकाच दादरमध्ये, एकीकडे हाऊसफुल्लचा फलक आणि गजरे माळलेली कुटुंबे, आणि दुसरीकडे शाळेच्या जिन्यावर खांद्याला शबनम पिशवी लावून उभी असलेली पन्नास-साठ माणसे. मी दोन्हीकडे जात असे. दोन्हीकडे जाणारे खूप होते. व्यावसायिक आणि प्रायोगिक यांच्यातल्या भांडणाच्या गोष्टी परिसंवादात रंगतात, पण प्रेक्षकाच्या पायांना ती सीमा कधी फारशी कळली नाही.

एका हंगामात काय दिसे

छबिलदासचा हंगाम म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगायला हवे. सभागृहाच्या एका टोकाला शाळेचे असते तसे व्यासपीठ होते. बक्षीससमारंभाचे. बहुतेक दिग्दर्शक त्याच्याकडे पाहतही नसत. नाटक जमिनीवर व्हायचे आणि खुर्च्या लागायच्या त्याच्या भोवती, कधी तीन बाजूंना, कधी चारी बाजूंना. पडदा नाही, त्यामुळे पडदा वर जाण्याची हुरहूरही नाही. दिवे गेले की सुरू, दिवे आले की संपले. नेपथ्य म्हणजे दोन लाकडी ठोकळे आणि एक बाक. प्रकाशासाठी मोजके स्पॉट. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर लोकलचा आवाज आणि गल्लीतल्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या आत येत. बंद कराव्यात तर घामाच्या धारा. कसलेले नट लोकल जाईपर्यंत वाक्य हवेत धरून ठेवत, आणि ती विश्रांती दिग्दर्शकाने मुद्दाम घातली आहे असे वाटावे इतक्या सहजपणे पुढचा शब्द टाकत.

सदानंद रेगे यांचे 'गोची', अच्युत वझे यांचे 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक', शफाअत खान यांचे 'मुंबईचे कावळे' अशी नुसती नावे पाहिली तरी हे दिवाणखान्यातले नाटक नव्हे, हे कळते. त्या काळच्या रंगभूमीवर दिवाणखाना फार होता. डावीकडे जिना, उजवीकडे स्वयंपाकघराचे दार, मधे सोफा आणि टेलिफोन. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तेव्हा ना जिना होता, ना सोफा, ना टेलिफोन. छबिलदासमध्ये सोफा नव्हता, म्हणून तिथल्या पात्रांना वेगळ्या ठिकाणी उभे राहून बोलावे लागले, वेगळ्या गोष्टी बोलाव्या लागल्या. गरिबीतून शैली जन्मली, असे म्हणतात त्यातला हा प्रकार.

अमोल पालेकरांनी तिथे बादल सरकार यांचे 'जुलूस' केले. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, त्यांचा 'रजनीगंधा' प्रदर्शित झाला होता आणि घरोघरच्या आयांना हा सरळ, लाजरा मुलगा जावई म्हणून पसंत पडला होता. माझ्या आईलाही. त्यामुळे 'अमोल पालेकरांचे नाटक आहे' एवढ्या भांडवलावर मी तिला छबिलदासला घेऊन गेलो. 'जुलूस'मध्ये प्रेक्षक मोकळ्या वाटा सोडून बसलेले असतात आणि नट त्या वाटांवरून धावतात, पडतात, घोषणा देतात. एक मुलगा रोज मारला जातो आणि अधिकारी रोज सांगतो, की कोणीही मेलेले नाही, सगळे घरी जा. एक म्हातारा घराकडे नेणारी वाट शोधीत एका मिरवणुकीतून दुसऱ्या मिरवणुकीत फिरतो. आईने आधी पिशवी वाटेतून उचलून मांडीवर घेतली. मग पाय जवळ ओढले. मग एक नट तिच्या खुर्चीच्या अगदी शेजारी कोसळला, तेव्हा तिचा हात आपोआप त्याला उठवायला पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला.

बाहेर पडल्यावर वडा खाताना ती म्हणाली, "गोष्ट काही मला धड कळली नाही रे. पण तो पोरगा पडला ना, तेव्हा मला वाटलं उठवावं. आणि मग वाटलं, नाटक आहे, कसं उठवायचं? तेच सांगत होते का ते?"

तेच सांगत होते. रस्त्यावर कोणी पडले, की आपला हात अर्ध्यावर का थांबतो, हेच ते सांगत होते. शिवाजी मंदिराच्या सोळाव्या रांगेत बसून आईला हा प्रश्न पडला नसता. नट चार हातांवर पडला म्हणून तो पडला. लहान नाट्यगृहाचे हे बळ आहे, आणि ते कितीही मोठा ध्वनिक्षेपक लावून मोठ्या सभागृहात नेता येत नाही.

'आविष्कार'ने केलेल्या तेंडुलकरांच्या 'पाहिजे जातीचे'मध्ये नाना पाटेकर नावाच्या तरुण नटाकडे लोकांचे लक्ष गेले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे. खेड्यातला, एम. ए. झालेला एक पोरगा मास्तरकीची नोकरी शोधतो, त्याची ही गोष्ट. तिथल्या लहानशा जागेत ती पाहताना असे वाटे, की हा मनुष्य आपल्याच गाडीने आला आणि आपल्याच गाडीने परत जाणार.

अकरा प्रेक्षक

इथपर्यंत वाचून असे वाटेल, की छबिलदासमध्ये जे होई ते सारे उत्तमच. तसे मुळीच नव्हते, आणि माझा मुद्दा तोच आहे. तिथे वाईट नाटकेही पुष्कळ झाली. काही दुर्बोध, काही नुसतीच चावट, काही परदेशी पुस्तकांतून उचललेली आणि मराठीत धड न रुजलेली. चेहऱ्याला पांढरा रंग फासून चार माणसे एकाच लयीत चालू लागली, की अनुभवी प्रेक्षक घड्याळाकडे पाहत. तीच ती मंडळी एकमेकांची नाटके पाहतात, एकमेकांना नावाजतात, हा कंपूशाहीचा आरोपही होत असे आणि तो अगदीच निराधार नव्हता. नव्या माणसाला त्या जिन्यावर पहिल्या दिवशी थोडे अवघडल्यासारखे होई.

एक प्रयोग मला चांगला आठवतो. नाटकाचे आणि संस्थेचे नाव सांगत नाही. ती मंडळी आता आजोबा झाली असतील. आम्ही प्रेक्षक अकरा. पात्रे नऊ. दीड तास एक कुटुंब जेवणाच्या पंगतीला बसलेले होते आणि कोणीही जेवत नव्हते. पात्रांनी आमच्याकडे पाठ केलेली, कारण भिंतीकडे पाहून बोलायचे अशी कल्पना. अर्धे शब्द ऐकूच येत नव्हते. नाटक संपल्यावर दिग्दर्शकाने, तो असेल बावीस-तेवीस वर्षांचा, आम्हाला थांबायची विनंती केली. अकराच्या अकरा थांबलो. कोणी तंत्राविषयी बोलले, कोणी नुसतेच 'छान प्रयत्न' म्हणाले. मग एक निवृत्त वाटणारे, धोतर नेसलेले गृहस्थ उठले आणि म्हणाले, "तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पण तुम्ही ते म्हटलं नाहीत."

त्या मुलाचा चेहरा उतरला. पण त्याने वहीत ते वाक्य लिहून घेतले, हे मी पाहिले. ते नाटक पुन्हा झाले नाही. वर्षभराने दुसऱ्याच एका संस्थेच्या नाटकात एक बाई प्रेक्षकांकडे पाठ करून भांडी घासताना बोलते असा प्रसंग पाहिला. शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि तिच्या पाठीवरून तिचे सगळे आयुष्य दिसत होते. ही कल्पना त्या अकरा जणांच्या प्रयोगातून आली का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या गावात सगळेच सगळ्यांची नाटके पाहत असत. एकाने फसून दाखवायचे आणि दुसऱ्याने त्यातले खरे तेवढे उचलायचे, असाच तिथला व्यवहार होता.

आता हिशेब करू. हेच अकरा प्रेक्षकांचे नाटक मोठ्या नाट्यगृहात लागले असते, तर त्या मुलाच्या घरचे दागिने गहाण पडले असते, आणि त्याने पुन्हा नाटकाचे नाव काढले नसते. छबिलदासमध्ये त्याची एका संध्याकाळची बेअब्रू झाली, खिशातले थोडे पैसे गेले, आणि तो दुसऱ्या नाटकाला मोकळा झाला. फसणे स्वस्त होते. स्वस्त होते म्हणून माणसे धाडस करीत. त्या धाडसातून दहातले एखादे नाटक असे निघे, की ते पाहून आलेला माणूस रात्री उशिरापर्यंत जागा राही.

किल्ली कोणाकडे?

स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. कोणीतरी त्याची किंमत मोजत होतेच. नट, दिग्दर्शक बँकांत, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत नोकऱ्या करून संध्याकाळी तालमीला येत. मानधनाचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरच्यांनीही आपला वाटा उचलला. तालमीवरून शेवटच्या गाडीने येणाऱ्या सुनेसाठी भात झाकून ठेवणाऱ्या सासूचे नाव कोणत्याही श्रेयनामावलीत येत नाही.

आणि होते अरुण काकडे. ते रंगमंचावर क्वचितच दिसत. 'आविष्कार'च्या स्थापनेपासून २०१९ मध्ये निधन होईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, त्यांनी एकाच संस्थेची व्यवस्था पाहिली. तारखा, भाडे, दिवे, परवानग्या, तिकिटे, खुर्च्या. मराठी रंगभूमीच्या इतिहासात लेखक, दिग्दर्शक, नट यांना प्रकरणे मिळतात. व्यवस्थापकाला तळटीप मिळते. पण तरुण पोरांचे टोळके नाटक घेऊन आले असता 'तारीख देतो, करा' म्हणणारा माणूस नसेल, तर पहिल्या तिघांना लिहायला प्रकरणच उरत नाही. सगळे त्यांना काकडेकाका म्हणत. काका हा शब्द मराठी कुटुंबात ज्या माणसासाठी राखून ठेवलेला असतो, तसेच ते होते. मुलांना वडिलांकडे मागता येत नाही ते काकाकडे मागता येते.

सुलभाताईंनी 'चंद्रशाला' ही 'आविष्कार'ची मुलांची शाखा चालवली. १९८२ मध्ये आलेले तिचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य पुढे कित्येक वर्षे होत राहिले, मुलांच्या एकामागून एक पिढ्या त्यात नाचून मोठ्या झाल्या. प्रायोगिक म्हणजे दाढीवाल्यांचे गंभीर नाटक, असा ज्यांचा समज होता, त्यांची मुले त्याच संस्थेच्या तालमींना जात होती. १९८७ च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. त्यांच्या स्मरणार्थ 'आविष्कार'ने नाट्यमहोत्सव सुरू केला आणि नव्या रंगकर्मींना त्यात जागा दिली. माणूस गेल्यावर पुतळा उभारण्याऐवजी त्याच्या नावाने दुसऱ्यांना तारखा द्याव्यात, याहून नाटकवाल्याचे चांगले श्राद्ध कोणते?

काठावरची वस्ती

हे सारे मुंबईचेच वैशिष्ट्य आहे असे नाही. इंग्रजीत अशा रंगभूमीला 'फ्रिंज' म्हणतात. फ्रिंज म्हणजे झालर, कडा, काठ. हे नाव पडले स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात. १९४७ मध्ये तिथे मोठा आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरला. त्याचे आमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या आपणहून शहरात येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. पुढच्या वर्षी त्यांना 'काठावरची नाटके' हे नाव मिळाले आणि आज ती झालर मूळ वस्त्रापेक्षा मोठी झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५८ मध्ये जो चिनो नावाच्या माणसाने एक कॉफीचे दुकान काढले, त्यात टेबले सरकवून लोक नाटके करू लागले. १९६१ मध्ये एलेन स्टुअर्ट यांनी एका तळघरात 'ला मामा' सुरू केले. शाळेचा हॉल, कॉफीचे दुकान, तळघर. तिन्ही ठिकाणी जागा मुळात दुसऱ्याच कामासाठी होती, भाडे नगण्य होते, आणि दार उघडणारा एक वेडा माणूस होता.

मुंबईतही छबिलदासच्या आधी हे झाले होते. इब्राहिम अल्काझी यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर 'मेघदूत' नावाचे नाट्यगृह केले होते, आणि ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, वादक आणि नाटकवाले एकाच छपराखाली काम करीत. छपरे बदलत गेली. नाटक एका गच्चीवरून दुसऱ्या शाळेत, तिथून तिसऱ्या तळघरात असे बिऱ्हाड हलवीत राहिले.

छप्पर बदलल्यावर

१९९२ मध्ये छबिलदास सुटले. 'आविष्कार'ने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले. पुन्हा शाळाच! आणि जागा बदलल्यावर हिंमत आटली असेही झाले नाही. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तीन नाटके सलग एका दिवसात सादर केली. आठ-नऊ तासांचे नाटक. एका विदर्भी कुटुंबाची पडझड पाहायला लोक डबे घेऊन आले. कोणत्याही हिशेबी निर्मात्याने ही कल्पना दारातूनच परत पाठवली असती.

जुहूला १९७८ च्या नोव्हेंबरात शशी आणि जेनिफर कपूर यांनी 'पृथ्वी' उघडले होते. सुमारे दोनशे खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक. तिथले पहिले नाटक होते गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीत. मुंबईतल्या सर्वांत देखण्या छोट्या नाट्यगृहाचे दार एका मराठी नाटकाने उघडले, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असायला हवे. 'पृथ्वी' आजही चालू आहे. पुण्यात 'सुदर्शन रंगमंचा'ने कित्येक वर्षे नव्या मराठी नाटकांना घर दिले. वर्सोव्याच्या आरामनगरात जुन्या बैठ्या बंगल्यांतून गेल्या दहा-पंधरा वर्षांत साठ-सत्तर खुर्च्यांच्या जागा उघडल्या, काही बंद पडल्या, नव्या उघडल्या. नाटक करणारी मुले कमी झालेली नाहीत. मी अजूनही जमेल तेव्हा जातो आणि दर वेळी कोणीतरी भिंतीकडे तोंड करून बोलत असते. मला बरे वाटते.

पण एक फरक जाणवतो. आज अशा एका संध्याकाळचे भाडे, दिव्यांचे भाडे, तालमीच्या जागेचे तासावर भाडे, हे सारे जमेला धरले, तर दोन वर्षांनी एक नाटक करणेही नोकरीतल्या मुलांना जड जाते. मग ते जपून करतात. तीन पात्रे, एक तास, चार महोत्सवांत चालेल असा विषय. दिवे सुंदर असतात, संगीत सुंदर असते, आणि सगळे कसे आखीव. नाटक फसत नाही. आणि फसत नाही म्हणूनच, बाहेर पडल्यावर माझ्या आईने विचारला होता तसला प्रश्नही कोणी विचारीत नाही. यात त्या मुलांचा दोष नाही. घसरण्याची किंमत वाढली, की माणूस कठड्याला धरूनच चालणार.

उपाय फार अवघड आहे असे मला वाटत नाही. आपल्या प्रत्येक शहरात, प्रत्येक उपनगरात शाळा आहेत. त्यांच्या सभागृहांना संध्याकाळी सातनंतर कुलूप असते. नव्या मोठ्या गृहसंकुलांत सभागृहे आहेत, तिथे वर्षातून चार वाढदिवस आणि एक सर्वसाधारण सभा होते. एवढ्या चौरस फुटांना कुलूप लावून आपण नव्या नाट्यगृहासाठी भूखंड मागत फिरतो. शाळेच्या विश्वस्तांपैकी एकाने, सोसायटीच्या चिटणीसांपैकी एकाने 'महिन्यातले दोन शनिवार तुमचे' असे म्हटले, तर पुष्कळ होईल. अट एकच असावी: नाटक चांगले झाले पाहिजे अशी अट घालू नये. आवारात कचरा करू नका, दहाच्या आत आटपा, एवढे सांगावे. आणि किल्ली सांभाळायला एखादा काका शोधावा.

राहिला प्रेक्षक, म्हणजे तुम्ही-आम्ही. आपण चित्रपटाला जाण्यापूर्वी चार जणांना विचारतो, परीक्षण वाचतो, किती तारे मिळाले ते पाहतो. पैसे वाया जाऊ नयेत, संध्याकाळ वाया जाऊ नये, ही काळजी योग्यच. पण वर्षातून एकदा, ज्याचे नाव ऐकलेले नाही अशा लेखकाचे, ज्यात ओळखीचा नट नाही असे नाटक, काहीही चौकशी न करता, मुलांना बरोबर घेऊन पाहावे. ते फसले तर परतीच्या वाटेवर मुलांशी बोलावे, की कुठे फसले आणि त्यांना काय म्हणायचे होते. परीक्षेत एक गुण कमी पडला तर डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आपल्या मुलांना, नऊ मोठी माणसे अकरा लोकांपुढे मनापासून फसतात आणि तरी दिवे विझवून, खुर्च्या रचून, पुढच्या तारखेची वाट पाहतात, हे एकदा डोळ्यांनी दिसू दे.